पाणमोटीला ठिगळ लावता येते का?

गेल्या अंकात मुदतपूर्व प्रसूतीविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना ‘एकदा फुटलेली पाणमोट आज तरी शिवता येत नाही’ असे एक वाक्य मी ओझरते लिहून पुढे गेले होते. (पाणमोट म्हणजे बाळाभोवतीचे, गर्भजलाने भरलेले पातळ आवरण.) त्या संपूर्ण उत्तरावर आली नसतील इतकी पत्रे या एका वाक्यावर आली, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि लिहिणाऱ्यांची नावे नेहमीप्रमाणे गाळली आहेत.

प्रश्न : माझ्या पहिल्या गरोदरपणात विसाव्या आठवड्यात अंगावरून पाणी जाऊ लागले आणि चार दिवसांत सगळे संपले. आमचे सायकलचे दुकान आहे. ‘ट्यूबचे पंक्चर काढतो तसे एवढेसे भोक बुजवता येत नाही का?’ असे यजमानांनी डॉक्टरांना विचारले होते, पण त्यांनी काही उत्तर दिले नाही. माझ्या जाऊबाईंच्या वेळी पिशवीला टाका घातला होता आणि त्यांचे बाळ वाचले. मग माझ्या वेळी टाका का घातला नाही? तीन वर्षे झाली, हा प्रश्न डोक्यातून जात नाही. (एक वाचक भगिनी, कराड)

उत्तर : आपल्या यजमानांचा प्रश्न भाबडा मुळीच नव्हता. जगातल्या काही नामांकित प्रयोगशाळा गेली पंचवीस-तीस वर्षे जवळजवळ याच प्रश्नाशी झटत आहेत आणि त्या जिथे अडल्या आहेत ती जागा पंक्चरच्याच उदाहरणाने उत्तम समजते. पण त्याआधी ‘पिशवी’ या शब्दाचा घोळ मिटवायला हवा. आपल्याकडे गर्भाशयालाही पिशवी म्हणतात आणि बाळाभोवतीच्या पाण्याच्या आवरणालाही पिशवी म्हणतात. आपल्या जाऊबाईंना घातलेला टाका गर्भाशयाच्या मुखाला घातलेला असणार. ते मुख वेळेआधीच सैल होऊन उघडू लागले तर बटव्याची नाडी आवळावी तसा त्याभोवती धागा आवळतात. हा टाका ज्यांच्या नावाने जगभर ओळखला जातो ते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर मूळचे गोव्यातील शिरोड्याचे आणि त्यांची कर्मभूमी मुंबई. १९५५ मध्ये त्यांनी ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली, तेव्हा आजच्या कृत्रिम धाग्याऐवजी ते रुग्णाच्याच मांडीतील स्नायूंवरच्या चिवट आवरणाची पट्टी वापरीत असत. गर्भाशयाचे मुख जाड असते, तंतुमय असते, त्याला रक्तपुरवठा असतो, त्यामुळे तिथे टाका धरतो. शिवाय तो टाका पाणमोट शाबूत असताना घालायचा असतो. पाणमोट फुटल्यावर तो घालण्यात अर्थ नसतो, आणि आधीच घातलेला असेल तर तो काढावा की ठेवावा याचाच विचार करावा लागतो.

पाणमोट ही अगदी वेगळी वस्तू आहे. प्रसूतीनंतर वार बाहेर आली की मी विद्यार्थ्यांना ती ताटात पसरून दाखवते आणि तिच्या कडेला लोंबणारी आवरणे बोटांनी वर उचलून उजेडासमोर धरते. पाहताना एकच पडदा वाटतो, पण चिमटीत धरून हलके ओढले की कांद्याचा पापुद्रा सुटावा तसे त्याचे दोन थर सुटतात. बाहेरचा थर, म्हणजे कोरिऑन, जाडसर आणि धुरकट असतो, आणि ओढला की सहज फाटतो. आतला अ‍ॅम्निऑन जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाडीचा, चकचकीत आणि पारदर्शक असतो, तरीही पाणमोटीची बरीचशी ताकद याच पातळ थरात असते, कारण त्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे दाट जाळे असते. या थराला रक्तवाहिन्या नसतात आणि चेतातंतूही नसतात. म्हणूनच तो फुटताना स्त्रीला दुखत नाही, आणि म्हणूनच तो आपल्या कातडीसारखा भरूनही येत नाही.

कातडीला जखम झाली की रक्त येते, ते गोठते, त्या गाठीच्या आधाराने पेशी सरकतात आणि काही दिवसांत व्रण तयार होतो. जिथे रक्तच नाही तिथे या मालिकेची सुरुवातच होत नाही. गर्भावर दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांची पुढे काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी प्रसूती झाल्यावर ती आवरणे सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आली, तेव्हा नळी जिथून आत गेली होती ते छिद्र भरून आलेले आढळले नाही. उंदरांच्या आवरणात मात्र बारीक छिद्र काही दिवसांत बुजते, आणि गर्भाच्याच भक्षक पेशी त्यात हातभार लावतात, असे संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले. उंदराला जमते ते माणसाला का जमू नये, असा प्रश्न त्यातून साहजिकच निघतो आणि त्यावर काम चालू आहे. सुई-दोऱ्याचे म्हणाल तर इतक्या पातळ पडद्यात सुईचा प्रत्येक टोचा म्हणजे आणखी एक छिद्र.

आता पंक्चरकडे येऊ. दुकानात ट्यूब बाहेर काढतात, पाण्याच्या टबात धरून बुडबुड्यांवरून भोक शोधतात, फडक्याने पुसून ती जागा कोरडी करतात, पॉलिश पेपरने घासतात, सोल्युशन लावून ते जरा वाळू देतात आणि मगच ठिगळ दाबून बसवतात. यातली एकही पायरी आम्हांला साधत नाही. पाणमोट बाहेर काढता येत नाही, भोक नेमके कुठे आहे हे सोनोग्राफीत बहुधा दिसत नाही, दोन्ही बाजू सतत ओल्या असतात, घासावे असे काही तिथे नाही, आणि आत एक जीव हातपाय हलवीत असताना त्या जागेवर दाब देण्याचा प्रश्नच येत नाही.

तरीही या सगळ्यावर एखाद्या दिवशी मात करता येईल. आपल्या बाबतीत खरी अडचण याहून खोल होती. आपली पाणमोट कशाने टोचली गेली नव्हती, ती आपोआप फुटली होती. अशा वेळी गर्भाशयाच्या मुखावरचा तिचा भाग आधीपासूनच झिजलेला असतो. कोलॅजेन विरघळवणारी द्रव्ये तिथे वाढलेली असतात, आणि लवकरच्या महिन्यांत फुटलेल्या पाणमोटीमागे अनेकदा योनिमार्गातून वर चढलेला जंतुसंसर्ग असतो. नव्या कापडाला खिळ्याने भोक पडले तर ठिगळ टिकते, पण विरलेल्या लुगड्याला ठिगळ लावले तर ते ठिगळाच्या कडेलाच पुन्हा फाटते, हे कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. त्यातून आत जंतू शिरलेले असतील तर भोक बुजवणे म्हणजे घाण आत कोंडणे होय, आणि त्याने आईच्याच जिवाला धोका होतो. आपल्या डॉक्टरांनी हे दोन शब्दांत तरी सांगायला हवे होते असे मला वाटते, परंतु टाका न घालण्याचा त्यांचा निर्णय चुकला नव्हता. सदतिसाव्या आठवड्यापूर्वी पाणमोट फुटण्याचे प्रमाण शंभर गरोदरपणांत साधारण तीन असते, आणि चोविसाव्या आठवड्याच्या आधी ते शंभरात एकाहूनही कमी असते. हे आपण केलेल्या किंवा न केलेल्या कशामुळे घडले नाही.

प्रश्न : मला सतरावा आठवडा चालू आहे. रक्ततपासणीत डाउन सिंड्रोमची जोखीम जास्त आल्याने पोटातून सुई घालून गर्भजल तपासायला सांगितले आहे. आई म्हणते की सुईने भोक पडले की पाणी गळतच राहणार. त्यात तुम्हीच लिहिले की पाणमोट शिवता येत नाही. मग ही तपासणी करावी की नाही? (पुणे)

उत्तर : आपल्या आईची शंका रास्त आहे आणि माझ्या दोन विधानांत वरवर विरोधही दिसतो. पाणमोट भरून येत नाही हे खरे, आणि गर्भजल तपासणीनंतर बहुसंख्य स्त्रियांना एक थेंबही पाणी जात नाही हेही खरे.

याचे कारण त्या छिद्राच्या आकारात आणि जागेत आहे. तपासणीची सुई एक मिलिमीटरहूनही बारीक असते. ती पोटाच्या भिंतीतून, गर्भाशयाच्या जाड स्नायूतून आणि मग दोन्ही आवरणांतून आत जाते. ती बाहेर काढली की स्नायू आकसून आपली वाट मिटवतो, गर्भाशयाच्या अस्तरातले थोडे रक्त तिथे गोठते, आणि आवरणाचे दोन थर एकमेकांवर किंचित सरकल्याने एकाचे छिद्र दुसऱ्याच्या छिद्रासमोर राहत नाही. दोन चाळण्या एकावर एक ठेवून एक जराशी फिरवावी, तसा हा प्रकार आहे. म्हणजे छिद्र भरून येत नाही, ते झाकले जाते. शिवाय ही जागा गर्भाशयाच्या मुखापासून दूर असते, त्यामुळे योनिमार्गातले जंतू तिथवर सहज पोहोचत नाहीत आणि भोवतालचे आवरणही निरोगी असते. मागच्या पत्रातील भगिनींची पाणमोट आणि सुईने टोचलेली पाणमोट यांत हाच फरक आहे, आणि या विषयातील बहुतेक प्रश्नांची उत्तरे याच एका फरकाशी येऊन थांबतात.

अशा तपासणीनंतर शंभरात एखाद्या स्त्रीला थोडे पाणी जाते. बहुतेकींच्या बाबतीत ते काही दिवसांत आपोआप थांबते आणि कमी झालेले पाणी पुन्हा भरते, कारण या काळात ते मुख्यत्वे बाळाच्या लघवीतून तयार होत असते. तपासणीमुळे गर्भपात होण्याची जोखीम अनुभवी हातांत दोनशेत एकाहून कमी मानली जाते. ही तपासणी पंधरा आठवडे पूर्ण झाल्यावरच करतात. त्याआधी दोन्ही आवरणे एकमेकांना नीट चिकटलेली नसतात, आणि पूर्वी ती अकराव्या ते तेराव्या आठवड्यात करून पाहिली तेव्हा पाणी जाण्याचे आणि बाळाचा पाय वाकडा होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. आपण सतराव्या आठवड्यात आहात, तेव्हा वेळ योग्य आहे. तपासणीनंतर पाणी गेले, ताप आला किंवा पोटात कळा आल्या तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तपासणी करावी की नाही हे मात्र, तिचा निकाल हाती आल्यावर आपण काय करणार आहात यावर अवलंबून आहे, आणि तो विचार सुईची भीती बाजूला ठेवून करावा.

प्रश्न : आम्ही सध्या इंग्लंडमध्ये असतो. पत्नीला जुळी बाळे आहेत, दोघांची वार एकच. एकाचे रक्त दुसऱ्याकडे जात असल्याने एकोणिसाव्या आठवड्यात दुर्बिणीतून लेसरची शस्त्रक्रिया झाली. दहा दिवसांनी थोडे थोडे पाणी जाऊ लागले आहे. ‘अ‍ॅम्नियोपॅच’ नावाचा उपचार आणि शिंपल्यांपासून तयार केलेला गोंद यांच्याविषयी मी वाचले. आग्रह धरावा का? (एक वाचक)

उत्तर : ज्यांच्या बाबतीत ठिगळाचा विचार खरोखर करता येतो अशा मोजक्या स्त्रियांत आपल्या पत्नी मोडतात, म्हणून सविस्तर लिहिते. दुर्बिणीची नळी दोन ते चार मिलिमीटर व्यासाची असते, म्हणजे तिचे छिद्र तपासणीच्या सुईच्या छिद्राहून कितीतरी मोठे. ते वर सांगितल्याप्रमाणे झाकले जाईलच असे नसते, आणि अशा शस्त्रक्रियांनंतर चारांतील किंवा तिघींतील एकीची पाणमोट वेळेआधी फुटते. गर्भाशय उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत हे प्रमाण आणखी वाढते. बाळाच्या उघड्या मणक्यावर गर्भातच शस्त्रक्रिया करण्याची जी मोठी अमेरिकी चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात शस्त्रक्रिया झालेल्या गटात ४६ टक्के स्त्रियांची पाणमोट आपोआप फुटली, तर जन्मानंतर शस्त्रक्रिया केलेल्या गटात ८ टक्के. बाळांना त्या शस्त्रक्रियेचा लाभ झाला हेही त्याच चाचणीत दिसले. म्हणजे गर्भावरील शस्त्रक्रिया हे शास्त्र जिथे अडते ते ठिकाण पुष्कळदा बाळ नसते, हा पडदा असतो.

अ‍ॅम्नियोपॅचची कल्पना रुबेन क्विंटेरो यांनी अमेरिकेत १९९६ मध्ये मांडली. बारीक सुईने पाणमोटीच्या आत आधी प्लेटलेट आणि त्यामागोमाग क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांनी समृद्ध असा रक्तघटक, सोडायचा. भोक शोधावे लागत नाही, कारण गळणाऱ्या पाण्याचा प्रवाहच हे घटक भोकाकडे ओढून नेतो आणि तिथे त्यांची गाठ बनून बूच बसते. गळक्या माठात भांडीभर चिकणमाती कालवून सोडली तर ती चिरेतच जाऊन बसते, त्यातला हा प्रकार. कल्पना सुंदर आहे यात शंका नाही. सुईने किंवा दुर्बिणीने पडलेल्या छिद्रांच्या बाबतीत प्रसिद्ध झालेल्या छोट्या मालिकांत साधारण दोन तृतीयांश स्त्रियांचे पाणी थांबल्याचे आढळते. आपोआप फुटलेल्या पाणमोटीत मात्र तो क्वचितच टिकला आहे.

याची दुसरी बाजूही तितकीच स्पष्ट सांगायला हवी. सुरुवातीच्या अनुभवात काही गर्भ उपचारानंतर अचानक दगावले. प्लेटलेट एकदम मोठ्या संख्येने सक्रिय झाल्या की त्यांतून रक्तवाहिन्यांवर परिणाम करणारी द्रव्ये सुटतात, त्यामुळे असे झाले असावे असा तर्क करून पुढे प्लेटलेटची मात्रा कमी करण्यात आली. मोठी, तुलनात्मक आणि चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली चाचणी या उपचाराला लाभलेली नाही. ‘दोन तृतीयांश’ हा आकडा वाचताना ज्यांचे पाणी काहीही न करता थांबले असते अशाही स्त्रिया त्यात आहेत, हे विसरू नये. तेव्हा आग्रह धरू नका, पण प्रश्न जरूर विचारा. पाणी खरोखर बाहेर जात आहे की आवरणाचे दोन थर सुटून ते मध्ये साचत आहे, संसर्गाची काही चिन्हे आहेत का, आणि हा उपचार त्या केंद्राने स्वतः किती वेळा केला आहे, हे तीन प्रश्न मी आपल्या जागी असते तर आधी विचारले असते. संसर्गाची शंका असेल तर हा विषय तिथेच संपतो.

भोक पडल्यावर बुजवण्याऐवजी नळी काढतानाच तिथे बूच बसवावे, असाही प्रयत्न झाला. जिलेटिनचा स्पंज आणि कोलॅजेनची छोटी गुंडाळी यांचा वापर झाला, परंतु कोलॅजेनच्या बुचाने पाणमोट फुटण्याचे प्रमाण घटल्याचे युरोपातील केंद्रांच्या पाहणीत दिसले नाही.

गोंदाविषयी आपण वाचलेले खरे आहे, मात्र तो शिंपले वाटून केलेला नाही. गोव्यात आणि तळकोकणात ज्यांना शिनाणे म्हणतात ते काळसर लांबट शिंपले भरती-ओहोटीच्या माऱ्यात खडकाला घट्ट धरून असतात. ते ज्या तंतूंनी धरतात त्यांतील प्रथिनात डोपा नावाचा एक रासायनिक घटक विपुल असतो आणि त्याच्या जोरावर ते ओल्या दगडालाही चिकटतात. अमेरिकेतील फिलिप मेसरस्मिथ यांनी त्या रसायनाची नक्कल करून कृत्रिम गोंद बनवला, आणि झुरिकच्या संशोधकांबरोबर २०१० च्या सुमारास तो प्रसूतीनंतर मिळालेल्या मानवी आवरणांवर लावून पाहिला. इतर उपलब्ध गोंद एक तर ओल्यात सुटत किंवा पेशींना मारक ठरत, त्या मानाने हा बराच उजवा ठरला. सशांवरही प्रयोग झाले. लंडनमधील टीना चौधरी आणि अ‍ॅना डेव्हिड व बेल्जियममधील यान देप्रेस्त यांच्या गटांनी आणखी वेगळी दिशा धरली आहे. छिद्राच्या कडेच्या पेशींमध्ये कोनेक्झिन-४३ हे प्रथिन वाढते आणि ते भरून येण्याच्या आड येते असे त्यांना दिसले, तेव्हा ते प्रथिन दाबणारे द्रव्य आणि स्वतःहून जाळे विणणारी पेप्टाइडे, म्हणजे प्रथिनांसारख्याच पण छोट्या साखळ्या, एकत्र वापरून आवरणालाच दुरुस्तीला लावता येईल का, हे त्यांनी प्रयोगशाळेत तपासले. नुसते बूच मारण्यापेक्षा ही वाट मला अधिक आशादायक वाटते. पण यांतले काहीही आज आपल्या पत्नीसाठी दवाखान्यात उपलब्ध उपचार नाही, आणि पैसे घेऊन ते देऊ करणारा कोणी भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे.

प्रश्न : माझ्या सूनबाईंना तिसावा आठवडा आहे. चार दिवसांपूर्वी पाणमोट फुटली म्हणून दवाखान्यात ठेवले आहे. आता दोन दिवस पाणी अजिबात गेले नाही, म्हणजे ती सांधली असावी. घरी आणून पायथ्याकडून खाट उंच करून निजवून ठेवू आणि शहाळ्याचे पाणी भरपूर देऊ असे आम्ही म्हणतो, पण डॉक्टर सोडत नाहीत. (एक सासूबाई, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : सासूबाई, डॉक्टर सोडत नाहीत ते योग्यच करीत आहेत. पाणी थांबले म्हणजे पाणमोट सांधली असे होत नाही. बाळाचे डोके खाली सरकून भोकावर बसले तरी पाणी थांबते आणि ते हलले की पुन्हा येते. आपोआप फुटलेली पाणमोट खरोखर बंद होणे घडते, पण फार थोड्यांच्या बाबतीत.

शहाळे खुशाल द्या. त्याने भोक बुजत नाही, इतकेच. सक्त निजवून ठेवल्याने पाणमोट सांधते असे दिसलेले नाही, उलट पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका गरोदरपणात आधीच वाढलेला असतो तो आणखी वाढतो. त्यांना उठू-बसू द्या आणि थोडे चालू द्या.

दवाखान्यात ‘नुसते ठेवले आहे’ असे आपल्याला वाटत असेल, तर तिथे काय चालले आहे ते समजून घ्या. बाळाची फुप्फुसे लवकर पक्व व्हावीत म्हणून आईला स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात. १९७२ साली न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हौवी यांनी सिद्ध केलेला हा उपाय आजही मुदतपूर्व बाळांना वाचवणाऱ्या उपायांत अग्रभागी आहे. संसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविक दिले जाते, आणि कोणते द्यावे यालाही महत्त्व आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४८२६ स्त्रियांच्या चाचणीत एरिथ्रोमायसिनने लाभ दिसला, तर को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हने नवजात बाळांच्या आतड्यांचा गंभीर आजार वाढला. म्हणून घरातली उरलेली गोळी चालवू नका. शिवाय आईचा ताप, नाडी, पाण्याचा वास व रंग आणि बाळाच्या हृदयाचे ठोके रोज पाहिले जातात. बोटांनी आतून तपासणी करणे आम्ही शक्य तो टाळतो, कारण त्याने जंतू वर जातात. सगळे ठीक राहिले तर चौतिसाव्या आठवड्यापर्यंत तरी वाट पाहतात, आणि त्यापुढेही संसर्ग नसेल तर घाई करावीच असे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८३९ स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत चौतीस ते सदतीस आठवड्यांच्या दरम्यान थांबलेल्या गटात बाळांचा संसर्ग लक्षणीय वाढला नाही आणि श्वासाचा त्रास कमी झाला. सूनबाईंच्या वाट्याला आलेले हे चार-सहा आठवडे कोणत्याही ठिगळापेक्षा आज अधिक भरवशाचे आहेत.

प्रश्न : बेळगावच्या सविता हलप्पनवार यांचेही असेच झाले होते ना? थांबणे इतके सुरक्षित असते तर त्या का गेल्या? (बेळगाव)

उत्तर : होय. व्यवसायाने दंतवैद्य असलेल्या एकतीस वर्षांच्या सविता आयर्लंडमध्ये गॉलवे येथे राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये सतराव्या आठवड्यात त्यांची पाणमोट फुटली. गर्भ जगण्याची आशा नव्हती आणि त्यांनी गर्भपाताची मागणी केली होती, परंतु गर्भाचे ठोके चालू असल्याने तेथील कायद्याकडे बोट दाखवून ती नाकारण्यात आली. संसर्ग रक्तात पसरून २८ ऑक्टोबरला त्यांचा मृत्यू झाला. पुढे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडने आपली ती घटनात्मक तरतूद रद्द केली.

तिसाव्या आठवड्यातले थांबणे आणि सतराव्या आठवड्यातले थांबणे ही दोन वेगळी थांबणी आहेत. पहिल्यात रोज बाळाचा फायदा होत असतो. दुसऱ्यात बाळाची फुप्फुसे पाण्याअभावी वाढण्याची शक्यता फार कमी असते आणि रोज आईची जोखीम चढत असते. म्हणून लवकरच्या महिन्यांत पाणमोट फुटली तर गर्भ ठेवणे आणि न ठेवणे हे दोन्ही मार्ग स्त्रीपुढे स्पष्ट शब्दांत मांडलेच पाहिजेत. भारतात १९७१ चा कायदा आणि त्यातील २०२१ ची दुरुस्ती यांनुसार विसाव्या आठवड्यापर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो, त्यापुढे चोविसाव्यापर्यंत ठरावीक परिस्थितीत दोन डॉक्टरांचे मत लागते, आणि स्त्रीचा जीव वाचवण्यासाठी तो तातडीने आवश्यक असेल तर आठवड्यांची मर्यादा आड येत नाही. ताप, पोट दाबल्यावर दुखणे, दुर्गंधीयुक्त पाणी किंवा नाडीची वाढलेली गती यांपैकी काहीही दिसले की वाट पाहण्याची मुदत संपली असे समजावे.

प्रश्न : माझी पाणमोट मागच्या वेळी एकतिसाव्या आठवड्यात फुटली. बाळ सुखरूप आहे. आता पुन्हा दिवस राहिले आहेत. ती मुळातच मजबूत होईल असे काही खाता येते का? (सोलापूर)

उत्तर : कोलॅजेन बनायला जीवनसत्त्व ‘क’ लागते हे खरे आहे, त्यामुळे आवळा, पेरू, लिंबू आहारात जरूर असावेत. परंतु गोळ्यांच्या रूपाने जास्तीचे ‘क’ घेतल्याने पाणमोट फुटणे टळते असे ठामपणे म्हणण्याजोगे एकमुखी निष्कर्ष चाचण्यांतून निघालेले नाहीत. आपण विचारलेले नाही, पण मिश्री लावत असाल तर ती आजपासून बंद करा. धूम्रपानाचा पाणमोट फुटण्याशी संबंध सर्वमान्य आहे, आणि मुंबईतील १२१७ स्त्रियांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मिश्रीसारखा धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्यांमध्येही मुदतपूर्व प्रसूतीचे आणि कमी वजनाच्या बाळांचे प्रमाण जास्त आढळले.

एकदा असे झालेल्या स्त्रीला ते पुन्हा होण्याचा संभव इतरांपेक्षा अधिक असतो, म्हणून मागच्या वेळचे सर्व कागद पहिल्याच भेटीत डॉक्टरांना दाखवा, लघवीची व योनीस्रावाची तपासणी आणि सोनोग्राफीत गर्भाशयाच्या मुखाची लांबी मोजून घ्या. मुख आखूड आढळले तर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक किंवा वर सांगितलेला शिरोडकरांच्या पद्धतीचा टाका यांचा विचार करता येतो. कधी ओलसर वाटलेच तर स्वच्छ पांढऱ्या सुती कापडाची घडी घ्या, किती वाजले ते लिहून ठेवा, आणि ती घडी टाकून न देता पिशवीत घालून दवाखान्यात घेऊन या. लघवी, पांढरे जाणे आणि गर्भजल यांतला फरक पुष्कळदा तिच्या रंगावरून आणि वासावरूनच कळू लागतो. उरलेली शंका आम्ही आतले पाणी काचपट्टीवर वाळवून फेडतो. गर्भजल असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली नेच्याच्या पानांसारखी नक्षी दिसते.